भट्टीचे आठ तास

२९ जुलै

आदरणीय मिस्त्रीकाकांस,

नमस्कार. खोकला कसा आहे? ताईच्या गावची हवा कोरडी आहे असं ऐकते, तेव्हा छातीला आराम पडला असेल. ताईला नमस्कार आणि तुमच्या नातवंडांना आशीर्वाद. तुम्ही तिकडे पंपाच्या दुकानात काम धरलंत हे आपल्याला तांब्याची तार पुरवणाऱ्या तारवाल्याकडून कळलं. घरी बसून राहणं तुम्हाला जमलं नसतंच. बाबा म्हणायचे, मिस्त्रीला स्वर्गात पाठवलं तरी तिथला पंखा खोलून बसेल.

इकडचं ठीक चाललं आहे. ठीक म्हणजे दुकान उघडं आहे. तुमच्या बाकावर आता मोटरी बांधायला दोघे वायंडर बसतात आणि दोघे मिळून तुमच्या एकट्याइतकं काम करतात, हे तुम्हाला वाचून बरं वाटेल म्हणून लिहिते.

उधारीचं रडगाणं चालूच आहे. बर्फवाल्याकडे आपले एकेचाळीस हजार दीड वर्षापासून अडकलेत, ते तुम्हाला ठाऊकच आहे. परवा मी सरळ त्याच्या कारखान्यात जाऊन बसले. मला पाहताच तो शीतघरात शिरला आणि दार आतून ओढून घेतलं. मी बाहेर खुर्ची टाकली. पाऊण तासाने बाहेर आला तेव्हा त्याची बत्तीशी वाजत होती. सहा हजार काढून दिले आणि म्हणाला, "बाई, तुमचे वडील असं करत नव्हते." मी म्हटलं, "म्हणूनच तुम्ही आज बर्फात बसलात." पावती फाडली आणि आले. हसू आलं ते रस्त्यावर आल्यावर. सांगायला तुम्ही नव्हता, म्हणून इथे लिहिलं.

बाकी खर्च आवळता येईल तेवढा आवळला आहे. अर्ध्या ट्यूबलाइट काढल्या. चहा एकदाच. भट्टीवाल्याला फेब्रुवारीतच जा म्हटलं होतं, त्याच्या जागी अजून कुणाला घेतलेलं नाही, वॉर्निश केलेल्या मोटरी भाजायची भट्टी मीच लावते. तारवाला आठवड्याला येऊन काउंटरसमोर बसतो, मी बर्फवाल्यासमोर बसले तसा. त्याचं एक लाख दहा हजार देणं आहे. बाबा गेले तेव्हा त्यांनी उशाखाली ठेवलेली ती उधारीची वही मी उघडली, त्या दिवसापासून मी एक दिवसही या आकड्यांवाचून जेवलेले नाही. हे तुम्ही पाहिलेलं आहे. निदान तुम्ही तरी मला कंजूष म्हणू नका.

आता मुख्य गोष्ट. लाँड्रीवाल्यांकडे अपघात झाला हे तुमच्या कानावर आलं असेलच. गेल्या सोळा तारखेला त्यांच्या धुलाईच्या मशीनचा शॉक बसला आणि लाँड्रीवाली बाई गेली. नवरा कपडे पोचवायला गेला होता. शेजारच्या माणसाने मेन स्विच पाडला, पण उशीर झाला होता. फार वाईट झालं. मी भेटून आले. मोटर आपल्याकडून बांधून गेलेली होती, तुमच्याच हातची, तुम्ही गेलात त्या आठवड्यातली.

वीज खात्याचे तपासनीस दुकानात येऊन गेले. सभ्य माणूस आहे. त्यांनी मोटर खोलून पाहिली आणि तारा बांधल्याची ती डाव्या हाताची गाठ मला दाखवून विचारलं की ही कुणाची. मी सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काय आहे? सगळ्या बाजाराला ती गाठ माहीत आहे. लाँड्रीतली अर्थिंगची तार गंजून तुटलेली होती, हेही त्यांनी लिहून घेतलं आहे, म्हणजे सगळा दोष आपल्यावर येणार नाही. पण ते तुम्हालाही विचारतील. चौकशी २१ ऑगस्टला आहे.

तुम्ही एवढंच सांगा की त्या आठवड्यात तुमची तब्येत बरी नव्हती. ते खोटं नाही. खोकल्याने तुमची झोप होत नव्हती हे तुम्हीच सांगत होता. वय झालं की हाताकडून एखादं काम उन्नीस-बीस होतं, हे साहेबांनाही समजतं. फार तर परवाना काढून घेतील. तो आता तुम्हाला असा किती दिवस लागणार आहे? उलट दुकानावर ठपका आला तर दुकान बंद होईल, माझ्यासह तीन घरं उपाशी पडतील, आणि तुमचे राहिलेले पैसेही त्यात बुडतील.

ते पैसे मात्र मी विसरलेले नाही. दोन महिन्यांचा पगार तुम्ही न घेताच गेलात. त्यातले अकरा हजार आज मनिऑर्डरने पाठवते आहे. बाकीचेही देईन. कुणाचं ठेवून घ्यायचं नाही असं ठरवलं आहे.

तब्येतीला जपा.

तुमची,
चिमटी


९ ऑगस्ट

मिस्त्रीकाका,

मनिऑर्डर परत आली. पोस्टमनने अकरा हजार काउंटरवर मोजून ठेवले आणि माझी सही घेतली. फॉर्मच्या तळाशी ताईच्या अक्षरात एक ओळ आहे : "बाबांना कामावरून काढलं, हे पैसे त्यांना नकोत."

मला राग आला, हे आधी सांगते. तुम्ही स्वतः दोन शब्द लिहायला हवे होते. मी सहा वर्षांची असल्यापासून तुमच्या बाकाखाली बसते आहे. माझी बोटं बारीक म्हणून खाचेत अडकलेलं तारेचं टोक तुम्ही माझ्याकडून ओढून घ्यायचात आणि बाबांना सांगायचात, "हत्यारं पुष्कळ आहेत, पण ही चिमटी कुठे मिळत नाही." एवढ्या वर्षांनंतर लेकीच्या हातची एक ओळ?

मग दिवसभर त्या ओळीचाच विचार करत राहिले. कामावरून का काढलं, हे ताईने लिहिलेलं नाही, पण मला कळलं. तपासनीसांचं पत्र त्या पंपाच्या दुकानाच्या पत्त्यावर गेलं असणार. मालकाने ते आधी फोडलं असणार. ज्याच्या हातच्या मोटरीने माणूस मेलं त्याला कोण ठेवील?

मागच्या पत्रात मी म्हटलं की साहेबांनी गाठ विचारली आणि मी सांगितली. त्याच्या पुढचं लिहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "हे मिस्त्री कसे आहेत कामाला?" मी म्हणाले, "एके काळी फार चांगले होते." त्यांनी विचारलं, "आता?" मी म्हणाले, "आता हात थरथरतो, दिसतंही कमी. मीच त्यांना विश्रांती घ्या म्हटलं." हे त्यांनी लिहून घेतलं आणि मी खाली सही केली.

तुमचा हात थरथरत नाही. जूनमध्ये तुम्ही चष्म्याशिवाय केसाएवढी तार ओवत होता. आणि तुम्हाला विश्रांती घ्या असं कुणी म्हटलं नव्हतं. तुम्ही का गेलात ते आपल्या दोघांना माहीत आहे. लाल दोऱ्यावरून गेलात.

तो मंगळवार मला शब्दन् शब्द आठवतो. तुम्ही मोटर बांधून संपवली, गाठ मारली आणि पाणी प्यायला उठलात. तेवढ्यात मी तिच्या पायाला लाल दोरा बांधला. तुम्ही परत आलात, दोरा पाहिलात आणि म्हणालात, "ही पण?" मी म्हटलं, "सत्तावीस हजार बाकी आहे काका, सहा महिने उलटून गेले." तुम्ही म्हणालात, "मोटरीला उधारी कळत नाही पोरी. तिला पाणी कळतं."

मी तेव्हा काय काय बोलले तेही आठवतं. वही पुढ्यात आदळली. तुम्हाला विजेचं बिल भरावं लागत नाही, असं म्हटलं. तुम्ही आणि बाबांनी मिळून चांगुलपणाच्या नादात हे दुकान बुडवलं, असंही म्हटलं. तुम्ही हत्यारांची गुंडाळी बांधलीत आणि पगार न मागता निघून गेलात. मला वाटलं सकाळी याल.

त्या दोऱ्याची माझी बाजू तुम्ही कधी नीट ऐकून घेतली नाहीत. उधारीवाल्याला काम नाकारलं की तो समोरच्या दुकानात जातो आणि आपली बाकी कायमची बुडते. काम केलं तर निदान तोंड दाखवत राहतो. पण जे पैसे येणारच नाहीत त्यांच्यासाठी वॉर्निशचे दोन हात आणि आठ तास भट्टी का जाळायची? म्हणून लाल दोरा. लाल दोऱ्याला वॉर्निशचा एकच हात आणि दोनच तास भट्टी. ओलावा शिरून वर्ष-सहा महिन्यांत मोटर परत येईल, तेव्हा आधीचे पैसे वसूल करून मगच हात लावायचा. फेब्रुवारीपासून नऊ मोटरी तशा गेल्या. आठ अजून चालू आहेत. माणसाच्या जिवाशी खेळावं असं माझ्या मनात कधीही नव्हतं. मोटर जळेल एवढाच माझा हिशेब होता, करंट मशीनच्या पत्र्यावर उतरेल हा नव्हता.

तेव्हा खरी चूक ही. तुम्ही गेल्यावर मी ती मोटर दोन तासच भाजली. दुसऱ्या दिवशी सकाळी लाँड्रीवाली बाई आली आणि सगळे पैसे चुकते करून गेली. त्या घाईगर्दीत दोऱ्याचं ध्यानात राहिलं नाही. हमाल गाडी घेऊन उभा होता, मोटर त्यावर चढली आणि गेली. पैसे भरलेल्या गिऱ्हाइकाला लाल दोऱ्याचं काम गेलं. विसरभोळेपणा म्हणा. गुन्हा म्हणाल तर तेवढाच.

एकवीस तारखेला काय करायचं ते मला समजत नाही. तुम्ही काही सुचवाल म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या नावावरचा डाग काढायचा तर तो दुकानावर येतो. दुकानावर आला की तारवाला दुसऱ्या दिवशी कुलूप घालतो. मधला काही मार्ग असला तर कळवा.

चिमटी


२० ऑगस्ट, सकाळ

मिस्त्रीकाका,

तुमचं उत्तर आलं नाही. ते यावं अशी माझी आशा होती, पण अपेक्षा नव्हती. मधला मार्ग विचारणाऱ्या माणसाला तुम्ही आयुष्यात कधी उत्तर दिलेलं नाही.

काल लाँड्रीवाला दुकानात आला होता.

मी त्याला दारात पाहिलं आणि उठून मागे जावं असं मनात आलं. बर्फवाल्याला हसले होते ना, तेव्हा तो शीतघरात का शिरला ते काल कळलं. पण तोवर त्याने मला पाहिलं होतं. तो आत आला, खुर्चीवर बसला. दाढी वाढलेली, सदरा मात्र कडक इस्त्रीचा. त्याने खिशातून आपली पावती काढून काउंटरवर ठेवली. जूनची, माझ्या सहीची.

म्हणाला, "ताई, एक विचारायचं होतं. आमचं काही राहिलंय का तुमच्याकडे?"

मला वाटलं मोटरीचं विचारतो आहे. मी म्हटलं, "मोटर साहेबांकडे आहे."

"मोटर नाही हो. पैसे. तिची फार इच्छा होती कुणाचं काही राहू नये म्हणून. गाडीवाल्याचे वर तीस लागतात, ते दिले की नाही मला ठाऊक नाही. ती असती तर विचारलं असतं."

मी म्हटलं, "काही राहिलेलं नाही."

"नक्की ना? वही बघून सांगा."

मी वही काढली. त्याच्यासमोर ते पान उघडलं. पानावर आडवी रेघ आहे आणि तिच्या शेजारी मी लिहिलं आहे : पूर्ण चुकते. तो त्या रेघेकडे बघत राहिला. म्हणाला, "हो, सांगत होती ती. स्वतःदेखत खोडायला लावलं म्हणाली." मग त्याने जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. लॉजवाल्याकडे त्यांचे चादरींच्या धुलाईचे पैसे वर्षभर अडकले होते. ही बाई दोन दिवस लॉजच्या पायरीवर डबा घेऊन बसली. तिसऱ्या दिवशी लॉजवाल्याने पैसे फेकले. ती घरी गेलीच नाही, तशीच आपल्याकडे आली. नवरा म्हणाला होता की निम्मे दे, निम्म्यात अर्थिंगची तार आणि नवं बटण बसवून घेऊ. ती म्हणाली, "आधी त्या ताईंचे. त्या पोरीचा बाप गेलाय, एकटीने दुकान ओढते आहे."

मी तिचे पैसे घेतले नसते तर त्या पैशांत तार आली असती, हे त्याने सांगितलं तेव्हा त्याच्या डोक्यात नव्हतं. माझ्या डोक्यात आलं.

जाताना म्हणाला, "तुमच्या त्या म्हाताऱ्या मिस्त्रींना सांगा, मी त्यांच्यावर राग धरलेला नाही. वय झालं की माणसाचा हात चुकतो." आणि मला नमस्कार करून गेला. मिस्त्रीकाका, तो तुम्हाला माफ करून गेला, आणि मी काउंटरच्या मागे उभी राहून ती माफी ऐकून घेतली.

आता मागच्या पत्रात जे लिहिलं त्याबद्दल.

मी लिहिलं की दोऱ्याचं ध्यानात राहिलं नाही. लिहिताना मला स्वतःलाच ते पटत आलं होतं. काल तो गेल्यावर मी खालच्या खणातला पत्र्याचा डबा काढला. त्यात मी लाल दोरे ठेवते. काटकसर माझी एवढी, की दोरासुद्धा फेकायचा नाही, मोटर गेली की कापून परत डब्यात टाकायचा. मुळात मी नऊ तुकडे केले होते. डब्यात नऊ होते. मोटर दोऱ्यासकट गाडीवर गेली असती तर आठ असते.

मोजायची गरज नव्हती. मला माहीत होतं. तरी मोजले.

ती सकाळ अशी होती. बाई दहाच्या सुमाराला आली. पिशवीतून नोटांचं पुडकं काढलं, वर रबर लावलेलं. सत्तावीस हजार चारशे. मी दोनदा मोजले. त्याच दिवशी तारवाल्याला वीस हजार द्यायचे होते, नाहीतर तो तार देणं बंद करणार होता. काका, त्या क्षणी मला इतका आनंद झाला की तिला मिठी मारावी असं वाटलं. तिच्यासाठी चहा मागवला. दुसरा चहा, माझ्याच नियमाबाहेरचा. तिने आपल्यादेखत नाव खोडायला लावलं, मी खोडलं, पावती दिली. मग हमालाला हाक मारली आणि काउंटरला टांगलेली कात्री घेऊन मोटरीपाशी वाकले.

दोरा माझ्या बोटांत होता. मी त्याच्याकडे बघितलं. हा दोरा आता चुकीचा आहे, हे माझ्या मनात आलं. अगदी शब्दांत आलं. मोटर परत वॉर्निशमध्ये घालून भट्टीला लावायची म्हणजे बाईला उद्या या म्हणावं लागणार. का, असं तिने विचारलं असतं. काल तुमचं काम मुद्दाम कच्चं केलं, असं मी तिला काय म्हणून सांगणार होते? शिवाय गाडी आलेली. तिची लाँड्री चार दिवस बंद होती. आणि विजेचा आकडा डोक्यात आलाच, तो येतोच, त्याला मी काही करू शकत नाही. राहिलेले सहा तास म्हणजे एकशे ऐंशी. तिच्या सत्तावीस हजार चारशेतले एकशे ऐंशी.

मी मनाशी म्हटलं, वर्षभर तर चालेल. परत आली की फुकट नीट करून देऊ. आणि दोरा कापला. तिने विचारलं, "ताई, हा दोरा कशाचा?" मी म्हटलं, "नंबरचा." ती हसली आणि म्हणाली, "लाल रंग मला आवडतो."

दोरा डब्यात टाकला. मग मोटरीचं कार्ड भरलं. "वायंडिंग" समोर तुमचं नाव होतं, तुम्हीच लिहिलेलं. "भट्टी" समोर मी माझ्या हाताने लिहिलं : आठ तास. सगळ्याच लाल दोऱ्यांच्या कार्डांवर मी आठ लिहीत आले आहे. साहेबांनी कार्ड पाहिलं, आठ वाचलं, आणि म्हणाले की भाजणी बरोबर आहे, म्हणजे वायंडिंगमध्येच खोट असणार. मी मान हलवली. तुमच्या गाठीला त्यांनी टाचणी लावून बघितली, ती सुटेना. ते म्हणाले, "गाठ तरी पक्की आहे." तेव्हासुद्धा मी गप्प बसले.

हे मी विसरले नव्हते, एक दिवसही नाही. ती गेल्याचं कळलं तेव्हा पहिला विचार आला तो दोऱ्याचा, आणि दुसरा आला तो तुमचा. दुसरा विचार बाईचा यायला हवा होता. तुमचा आला, कारण तुम्ही गावात नव्हता आणि गाठ तुमची होती. मिस्त्रीकाका कधी स्वतःची बाजू मांडत नाहीत, हे मला सहाव्या वर्षापासून ठाऊक आहे. त्याचाच मी फायदा घेतला. वर अकरा हजार पाठवले. तुमचेच पैसे, आणि ते तुम्हाला तोंड बंद ठेवायला दिले.

आज हे पत्र टपालात टाकून मी तपासनीसांच्या कचेरीत जाते आहे. चौकशी उद्या आहे, पण उद्यापर्यंत थांबले तर मी आणखी काहीतरी शोधून काढीन. मी त्यात तरबेज आहे. जबानी लिहून ठेवली आहे, तिची नक्कल सोबत जोडली आहे. तुमचा हात थरथरतो हे मी खोटं सांगितलं, असं त्यात पहिल्याच ओळीत आहे. डबा, नऊ दोरे आणि नऊ कार्डं घेऊन जाते. बाकीच्या आठ गिऱ्हाइकांकडे सकाळपासून दोघा वायंडरना धाडलं आहे, मोटरी बंद करा आणि परत आणा म्हणून. बर्फवाल्याची त्यात आहे. आठही दोनदा वॉर्निश करून पूर्ण भाजायच्या, असं त्यांना सांगून ठेवलं आहे, मी असो वा नसो. बिल जे येईल ते येईल.

कचेरीतून निघू दिलं तर पुढे लाँड्रीवाल्याकडे जाणार आहे. तो मला "काही राहिलंय का" विचारून गेला. त्याला उत्तर द्यायचं आहे. काय शब्दांत देणार, ते अजून सुचलेलं नाही. सत्तावीस हजार चारशे परत नेऊन ठेवू शकत नाही, ते तारवाल्याकडे गेले. खणात तुमचे परत आलेले अकरा आहेत, पण ते तुमचे आहेत, त्यांना हात लावणार नाही. ताईच्या नावाने पाकीट करून ठेवलं आहे.

तारवाला कुलूप घालील. घालू दे. बाबांची वही मी इतकी वर्षं त्यांच्यावर राग धरून वाचत होते. काल पुन्हा पहिल्यापासून वाचली. लोकांनी त्यांचे पैसे बुडवले, पुष्कळ बुडवले. पण एकाही पानावर बाबांनी कुणाचं काम बुडवल्याची नोंद नाही. तुम्ही दोघांनी दुकान बुडवलं असं मी तुम्हाला म्हणाले होते. ते शब्द परत घेते. दुकान मी बुडवलं, आणि तेही सगळे पैसे वसूल झाले त्या दिवशी.

मला माफ करा असं लिहिणार होते. पण माफी लाँड्रीवाल्याने दिली ती चुकीच्या माणसाला गेली, आता तुमच्याकडे आणखी मागायची मला लाज वाटते. तुमच्या तिथल्या मालकाला वेगळं पत्र लिहिलं आहे. त्याने तुम्हाला परत बोलावलं तर जा. नाही बोलावलं तर तेही माझ्याच खात्यावर लिहा.

मूळ कार्ड साहेबांकडे जाईल. त्याआधी त्यातला आठचा आकडा मी खोडला, खरा लिहिला आणि बाजूला सही केली. तुमच्याकडे नोंद राहावी म्हणून कार्डाची नक्कल खाली उतरवून देते. तुमची चिमटी अशी सही करायला आज हात धजत नाही, तेव्हा हीच माझी सही समजा.

वायंडिंग : मिस्त्रीकाका. काम चोख.
भट्टी : मी.
तास : दोन.